आगीशेजारी कोण टिकणार?

नाताळच्या सिनेमात बघितलंय ना? भिंतीत जाळ भडकलेला, त्याच्या डोक्यावर लाकडाची फळी आणि फळीला चक्क मोजे टांगलेले! हे सगळं पेटत कसं नाही?

भिंतीतल्या त्या आगीच्या जागेला म्हणतात फायरप्लेस. थंड देशांत घरोघरी असायची. लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पेट घेतं आणि जाळ असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट गरम. म्हणून ती फळी दिसते तितकी जवळ नसतेच. अमेरिकेत तर नियमच आहे, की आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड लावायचं नाही. पुढे आलेली फळी असेल तर आणखी लांब.

मग त्या ६ इंचांत काय लावायचं? दगड, असंच म्हणालात ना पटकन? पण कुठला?

ग्रॅनाइट घेऊ, स्वयंपाकघराच्या ओट्याचा. चांगला टणक. त्याच्यात साधारण पाव हिस्सा गारगोटीचे कण असतात. हे कण तापत तापत ५७३ अंशांना पोचले, की त्यांच्या आतली अणूंची मांडणीच बदलते आणि ते झपकन फुगतात. शेजारचे कण तेवढे फुगत नाहीत. मग शाळा सुटल्यावर वर्गाच्या दारात होते तशी ढकलाढकली, आणि दगडाला तडे!

संगमरवर त्याहून विचित्र. त्याचे स्फटिक तापले की एका दिशेने लांबतात आणि दुसऱ्या दिशेने चक्क आक्रसतात! प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, त्यामुळे एकमेकांना धरून ठेवलेले हात सुटत जातात. ९०० अंशांच्या आसपास तर संगमरवराचा चुनाच होतो. तरी राजवाड्यांत फायरप्लेसला संगमरवरी चौकट असते बरं का! ती बाहेरच्या बाजूला, नुसत्या उबेत. जाळाला भिडते ती आतली भट्टीची वीट. ही खास मातीची आणि हजार अंशांच्या वर आधीच भाजलेली. तिचं जे काय व्हायचं, ते होऊन गेलेलं असतं.

माझा लाडका मात्र संगजिऱ्याचा दगड. टाल्कम पावडर ज्या खनिजाची करतात, तेच याच्यात भरलेलं. चाकूने कोरता येईल इतका मऊ! पण फिनलंडमध्ये घर उबदार ठेवणाऱ्या मोठमोठ्या शेगड्या याच्याच बांधतात. विस्तव विझला तरी त्या तासन्‌तास ऊब देत राहतात. ग्रॅनाइटने उगाच ऐट करू नये.

आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड? तो जन्मलाच हजार अंशांहून गरम लाव्ह्यातून! गारगोटीचे कणही त्याच्यात जवळजवळ नसतात. त्यामुळे तीन दगडांच्या चुलीला तो छान चालतो. फक्त ओला नको. दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी असलं, तर त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर दगड फाडकन फुटतो आणि कपच्या उडतात.

म्हणून नदीकाठी सहलीला गेलात, तर चुलीसाठी पात्रातले गोटे उचलू नका. पाण्यापासून लांबचे, उंचावरचे, खडखडीत कोरडे दगड शोधून आणा. आणि काडी ओढायचं काम मोठ्या माणसांकडेच राहू द्या.