रूळ गेले, वाट राहिली

अमेरिकेच्या मिसूरी राज्यांत, मिसूरी नदीच्या कांठाकांठानें दाट झाडींतून जाणारी एक वाट आहे. मोटारींना तेथें मज्जाव आहे. ऐकूं येतो तो पांखरांचा शब्द आणि चुनखडीच्या बारीक खडीवरून जाणाऱ्या सायकलच्या चाकांची कुरकुर. सुमारें २४० मैल लांबीची ही वाट सायकलींसाठीं मात्र आंखलेली नव्हती. ती एका बंद पडलेल्या आगगाडीची वाट आहे. मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेच्या आद्याक्षरांतील शेवटचीं दोन, के आणि टी, जोडून लोक त्या रेल्वेला कौतुकानें 'केटी' म्हणत. रूळ उखडले गेले, पण नांव वाटेला चिकटून राहिलें, आणि आज ती 'केटी ट्रेल' म्हणून प्रसिद्ध आहे.

अशा वाटेवर प्रथमच सायकल चालविणाऱ्याला एका गोष्टीचें नवल वाटतें. भोंवतालीं उंचसखल मुलूख आहे, परंतु पायांना चढ असा फारसा जाणवत नाहीं. याचें कारण पोलादाच्या स्वभावांत आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या विरोधानें फिरतें, म्हणूनच एकटें इंजिन शेंकडों टनांचा भार ओढूं शकतें. परंतु हाच गुण चढावर अवगुण ठरतो, आणि चाकें जागच्या जागीं घसरूं लागतात. यास्तव रेल्वे बांधणारे टेकडी आली कीं ती कापतात, दरी आली कीं भराव घालतात, आणि शंभर फुटांच्या धांवेंत एकदोन फुटांहून अधिक चढ येऊं नये अशी खटपट करतात. आपल्या बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, तर तेथें गाडीला मागून जादा इंजिनें लावावीं लागतात! नदीकांठच्या केटी मार्गावर एवढाहि प्रसंग नव्हता. गेल्या शतकाआधींच्या मजुरांनीं सुरुंग आणि फावडीं यांच्या साह्यानें जी सपाटी साधली, तिचा लाभ आज सायकलवर बसलेल्या आजोबांना आणि नातवाला सारखाच मिळतो.

रूळ व त्यांखालचीं लांकडें काढल्यावर मोठी खडी तशीच ठेवून चालत नाहीं. तीवर सायकल नाचूं लागते. म्हणून वर चुनखडीचा बारीक चुरा पसरून दाबला जातो. पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें आणि वाट लवकर वाळते. आगगाडी चालू असतां मार्गालगतचीं झाडें तोडून ठेवावीं लागत. गाडी थांबल्यावर रान पुन्हा जवळ आलें आणि पुष्कळ ठिकाणीं दोन्ही बाजूंच्या फांद्या माथ्यावर एकमेकींस भेटल्या. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचे ताठ उभे कडे, असा रोशपोर्ट गांवाजवळचा भाग विशेष रमणीय मानला जातो. तेथेंच १८९३ सालचा, २४३ फूट लांबीचा एक बोगदा आहे. मात्र या रमणीयतेंत एक उणें आहे. १८०४ सालीं लुईस आणि क्लार्क यांची मोहीम नदीवाटें गेली, तेव्हां येथील कड्यांवर मूळच्या रहिवाशांनीं काढलेलीं चित्रें त्यांनीं पाहिलीं होतीं. रेल्वेच्या सुरुंगांनीं त्यांतील बहुतेक चित्रें नष्ट केलीं. थोडीं तेवढीं राहिलीं आहेत.

१९८६ सालच्या शरद ऋतूंत नदीला मोठा पूर आला, मार्ग कित्येक ठिकाणीं वाहून गेला, आणि आधींच तोट्यांत चाललेल्या रेल्वेनें ऑक्टोबरांत हा भाग बंद केला. आतां वाद उपस्थित झाला तो जमिनीचा. शेतकऱ्यांच्या पूर्वजांनीं पुष्कळ ठिकाणीं रेल्वेला जमीन विकलेली नव्हती; केवळ तींतून गाडी नेण्याचा हक्क दिला होता. गाडी गेली कीं हक्क संपला आणि जमीन मूळ धन्याकडे आली, असा त्यांचा दावा. आणि तो अगदींच टाकाऊ नव्हता. उलट, एकेका शेताचा तुकडा परत गेला म्हणजे अखंड मार्गाचे शेंकडों तुकडे होतात, आणि असा मार्ग पुन्हा जुळविणें कोणत्याहि सरकारला जवळजवळ अशक्य. यावर १९८३ च्या केंद्रीय कायद्यानें एक युक्ति काढून ठेवली होती. मार्ग सोडून दिला असें न समजतां तो ठेव म्हणून राखला आहे असें समजावें; पुढेंमागें आगगाडीची गरज पडली तर रूळ पुन्हा घालतां यावे, आणि तोंवर लोकांनीं तेथून पायीं वा सायकलनें जावें. एडवर्ड जोन्स व त्यांची पत्नी पॅट या दांपत्यानें २२ लाख डॉलरांची देणगी देऊन राज्याचें काम सुकर केलें. १९९० सालीं व्हरमाँट राज्यांतील अशाच एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा एकमतानें वैध ठरविला, आणि त्याच वर्षीं केटीचा पहिला भाग रोशपोर्टला खुला झाला. शेतकऱ्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं असें नव्हे. २००० सालीं केंद्रीय दाव्यांच्या न्यायालयानें, केटीच्या कांहीं जमीनमालकांच्या बाबतींत सरकारनें त्यांची मालमत्ता घेतल्यासारखेंच झालें आहे, सबब मोबदला देणें प्राप्त आहे, असा निर्णय दिला. दहा वर्षें उशिरां कां होईना, पण वाट टिकली आणि तिची किंमतहि मान्य झाली.

'गाडी परत येऊं शकेल' ही कल्पना कागदापुरतीच आहे असें कोणास वाटल्यास त्यानें बूनव्हिलचा पूल पाहावा. १९३२ सालच्या या पुलाचा मधला गाळा जहाजांसाठीं वर उचलतां येई. केटी रेल्वे ज्या युनियन पॅसिफिक कंपनींत विलीन झाली, तिनें पूल मोडून त्याचें लोखंड दुसरीकडे वापरण्याचें योजिलें. तेव्हां वाटेच्या कैवाऱ्यांना धास्ती पडली: पूल गेला तर मार्ग तुटला, मार्ग तुटला तर तो 'राखलेला' कसा म्हणावा, आणि मग साऱ्या वाटेवरील हक्काचें काय? प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. अखेर २०१० सालीं पूल बूनव्हिलच्या स्वाधीन करण्याचें ठरलें. सायकलस्वार शेजारच्या मोटारींच्या पुलावरून नदी ओलांडतात, आणि आगगाडीचा पूल त्यांच्या बाजूला उभा असतो.