अंगणातले पाणी जावे कोठे?

दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग आता परका राहिलेला नाही. २०१३ साली ह्याच रस्त्यावर नव्या महाराष्ट्र सदनाची वास्तू उभी राहिली. तेथून थोडी पावले चालले, की हेली रस्त्याच्या एका वळणावर अग्रसेनची बावडी लागते. सुमारे ६० मीटर लांब व १५ मीटर रुंद अशी ही जुनी विहीर म्हणजे आपल्याकडील बारवेचीच थोरली बहीण. भोवती उंच इमारती आणि मध्ये शंभराहून अधिक पायऱ्या खाली खाली गेलेल्या! जमिनीच्या पोटात मुरलेल्या पाण्याची आठवण आपल्या पूर्वजांनी किती जपून ठेवली होती, हे तेथे उभे राहिले म्हणजे उमगते.

परंतु ह्याच परिसरात पावसाळ्यात निराळे दृश्य दिसते. २८ जून २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराचे रस्ते पाण्याखाली गेले. त्याआधी १९ जुलै २०२० रोजी, कस्तुरबा गांधी मार्ग जेथून निघतो त्या कॅनॉट प्लेसजवळच, मिंटो पुलाखाली साचलेल्या पाण्यात एका वाहनचालकाचा बुडून अंत झाला. आणि २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन तरुण विद्यार्थी दगावले. पुराची नदी दूर असते. साचलेले पाणी मात्र उंबरठ्याशी येऊन उभे राहते.

वाचकहो, रस्त्यांची व नाल्यांची काळजी नगरपालिकेने वाहावी, हे खरेच. पण आपल्या अंगणाचे काय? एक साधा हिशेब करून पाहू. शंभर चौरस मीटरच्या अंगणावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे शंभर लिटर पाणी पडले. त्या जूनमधील पाऊस अशा अंगणावर पडला, तर सुमारे २२,८०० लिटर पाणी होते. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर दीड हजार बादल्या! पूर्वी ह्यातील बराचसा भाग माती पिऊन टाकी. आज आपण हौसेने अंगणभर फरशी घालतो, मोटारीसाठी काँक्रीट ओततो आणि मग पाणी कोठून आले म्हणून नवल करतो.

असे पाणी साचून राहिले म्हणजे घराच्या जोत्यात ओल चढते, भिंतीचा गिलावा फुगतो, डासांची पैदास होते व घरातील लहान मुले हिवताप-डेंग्यूला बळी पडतात. म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच अंगणाचा विचार करावा, हे उत्तम.

प्रथम एखाद्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते ते नीट पाहून ठेवा. उतार नेहमी घरापासून बाहेरच्या बाजूला असावा. दर मीटरला दोन सेंटीमीटर एवढा पुरे. पुष्कळ घरांचे दुखणे एवढ्यानेच बरे होते.

उतार देऊनही पाणी राहत असेल, तर जमिनीखालील चराचा उपाय आहे. सुमारे दीड फूट खोल चर खणावा. त्यात पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरून खडीचा थर द्यावा. त्यावर भोके पाडलेला नळ, भोके खालच्या अंगास येतील असा, ठेवावा व दर मीटरला एक सेंटीमीटर उतार द्यावा. भोवती पुन्हा खडी भरून कापड वरून मिटावे, म्हणजे माती आत शिरत नाही. अमेरिकेतील हेन्री फ्रेंच ह्या गृहस्थांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहून अशा चरांची माहिती लोकांपुढे मांडली. त्यांचेच नाव पुढे ह्या चरास मिळाले.

चरातील पाणी शेवटी शोषखड्ड्यात न्यावे. तत्पूर्वी एका लहान हौदात गाळ व पाने खाली बसू द्यावीत, नाहीतर खड्डा दोन पावसाळ्यांत बुजून जातो. खड्डा घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर असावा व त्यावर भक्कम झाकण असावे. उघडा खड्डा म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. मात्र एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा विटांच्या व दगडांच्या तुकड्यांनी भरला, तर त्यात एका वेळी साडेतीनशे लिटरच्या आसपासच पाणी मावते. तेव्हा जादा पाण्यासाठी वरच्या बाजूने बाहेर जाण्याची वाट ठेवलीच पाहिजे.

खड्डा खणण्यापूर्वी मातीचीही परीक्षा घ्यावी. हातभर खोल खळगा करून तो पाण्याने भरावा. जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर तेथे शोषखड्डा व्यर्थ. देशावरील काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. अशा ठिकाणी नळाने पाणी बाहेर नेणे, अथवा टाकीत साठवून बागेस वापरणे, हाच मार्ग होय.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. पावसाचे पाणी मैलापाण्याच्या नळास जोडू नये. जोराच्या पावसात तो नळ तुंबतो, घाण पाणी खालच्या घरांत उलटते आणि तुंबलेले नळ मोकळे करण्यासाठी कोणा गरिबाला त्या विषारी विवरात उतरावे लागण्याचा धोका वाढतो. आपली सोय दुसऱ्याच्या जिवावर होऊ नये.

मोठी शहरेही आता हेच तत्त्व शिकत आहेत. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या दिवसाची आठवण कोण विसरेल? दादर-परळच्या हिंदमाता भागातील पाण्यासाठी महापालिकेने जवळपासच्या उद्यान-मैदानांखाली टाक्या बांधल्या. पाऊस जोराचा असता पाणी तेथे थांबवावयाचे आणि समुद्राची भरती ओसरली की सोडावयाचे. जपानमध्ये तोक्योजवळ २००६ साली पूर्ण झालेली भूमिगत टाकी तर १७७ मीटर लांब आहे व तिचे छत ५९ खांबांवर तोलले आहे. अंगणातील खड्डा काय किंवा ती टाकी काय, काम एकच: पाण्याला घाईने हाकलू नये, त्यास क्षणभर बसावयास जागा द्यावी.

ज्या कस्तुरबांचे नाव ह्या रस्त्यास दिले आहे, त्यांनी चंपारण्याच्या खेड्यांत स्त्रियांना स्वच्छतेची शिकवण दिली होती. ते काम घराघरांतून, अंगणाअंगणांतून झाले. ह्या वर्षी पाऊस येण्यापूर्वी आपणही आपल्या दारातील मोरीची जाळी उचलून आत डोकावून पाहा. गाळ दिसला तर तो आजच काढा. सुरुवात तेथूनच होते.