तीन चाकांचा हिशेब

महायुद्धानंतरच्या जर्मनीतील तीनचाकी गाड्यांची एक आवडती दंतकथा आहे: विमाने बांधायला बंदी आली, म्हणून मेसरश्मिटने उरलेल्या विमानांची काचेची झाकणे मोटारींवर बसवली. मेसरश्मिटच्या केआर 200 मधली एकामागे एक आसने पाहिली की ते खरेही वाटते. प्रत्यक्षात या गाडीचा उगम फ्रिट्झ फेंड या अभियंत्याने अपंगांसाठी केलेल्या छोट्या वाहनात आहे. बंदीमुळे रेगेन्सबुर्गच्या कारखान्याला काम हवे होते, एवढाच विमानांशी संबंध. 1953 मध्ये केआर 175 आली, 1955 मध्ये केआर 200. मागे एकच चाक असल्याने डिफरन्शियलचा खर्च वाचला, 191 सीसीच्या साक्स इंजिनाला साखळी पुरली. वेगळा रिव्हर्स गिअरही नव्हता. इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचे की चारही गिअर मागे जायला मिळत. चौथ्यात मागे जाण्याची हौस कोणाला होती, कोण जाणे.

कोणी म्हणेल, ही सारी परवान्याच्या नियमांची करामत होती. 250 सीसीपर्यंतची गाडी जुन्या चौथ्या वर्गाच्या परवान्यावर चालवता येई. सवलत होती खरी, पण ती इंजिनाला होती, चाकांना नव्हे. 1955 मध्ये आलेल्या ग्लासच्या गोगोमोबिलला चार चाके होती, आणि तिचे 250 सीसीचे रूप त्याच परवान्यावर चाले. म्हणजे तिसऱ्या चाकावर थांबण्याचे कारण केवळ काटकसर. पगार वाढले तशी ती काटकसर लोकांना नकोशी झाली. हाइंकेलने आपली काबीने ही छोटी गाडी 1958 मध्ये जर्मनीत थांबवली. केआर 200 कशीबशी 1964 पर्यंत टिकली.

अस्थिरतेने त्यांना मारले, हा आक्षेप मला पटत नाही. केआरची दोन चाके पुढे होती आणि ती बुटकी होती. वळणावर कलंडण्याची भीती खरी ती पुढे एकच चाक असलेल्या मालगाड्यांना, हार्बुर्गच्या टेम्पो हान्सेआटला किंवा ब्रेमेनच्या गोलिआथला. तरी त्यांना गिऱ्हाईक मिळाले, कारण इंजिन पुढच्या चाकापाशी असल्याने मागची सगळी जागा मालाला मोकळी राही. भाजीवाल्याला रुबाब नको होता, हौदा हवा होता. हान्सेआट जर्मनीत 1956 मध्ये बंद झाली. दोनच वर्षांनी फिरोदियांच्या बजाज टेम्पोने टेम्पो बनवणाऱ्या फिडाल कंपनीच्या सहकार्याने भारतात काम सुरू केले, आणि जर्मनीने टाकलेली ती तीनचाकी इथे पुढची कित्येक दशके माल वाहत राहिली.