दादा आत, धाकटी बाकावर: क्लासबाहेरच्या त्या एका तासाचं काय करायचं?

आज ऐकताना (किंवा वाचताना) दोन्ही हात मोकळे ठेवा. टाळी द्यायची आहे.

लकडगंजात माझा भाचा तबला शिकतो. त्याला सोडायला जातो तेव्हा सात वर्षांची भाची सोबत असते, कारण घरी तिच्याजवळ कोणी नसतं. तो आत, ती बाहेर बाकावर. तासभर. मी काय करायचो? फोन द्यायचो. एक दिवस ती म्हणाली, "मामा, दादाला तबला, अन् मी काय फक्त वाट बघायची?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं बघा.

मग लक्षात आलं, बंद दारातूनही एक गोष्ट बाहेर येते: आवाज. पण सगळा सारखा नाही येत. बारीक आवाज दार-भिंत बराच अडवते, घुमणारा खालचा आवाज जास्त आरपार येतो. म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यापेक्षा डाव्या हाताचा डग्गा बाहेर नीट ऐकू येतो. यातूनच आमचा खेळ निघाला.

तीनताल म्हणजे १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग. १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली, म्हणजे हात नुसता बाजूला. ठेका असा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

'धिं'चं 'तिं' झालं की डग्ग्याचा घुमारा थांबतो. १० ते १३ मात्रा तो गप्प, १४ ला परत. धाकटीचं काम एकच: डग्गा कधी गप्प झाला ते पकडायचं. मिनिटाला ६० मात्रा धरल्या, तर दर १६ सेकंदांनी एक संधी. दहा मिनिटं पुरे. नंतर चित्र, गृहपाठ, चिवडा, काहीही चालेल.

आणि घरी जाताना ती दादाला विचारते, "आज नवीन काय?" तो मांडीवर वाजवून दाखवतो. त्याचीही उजळणी होते.

लता मंगेशकरांच्या लहानपणीचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. वडील, मास्टर दीनानाथ, शिष्याला रियाज करायला सांगून उठले. जवळच खेळणाऱ्या लताने त्याची चूक पकडून त्याला गाऊन दाखवलं. तिला तेव्हा कुणी समोर बसवून शिकवलेलं नव्हतं. नुसतं कानावर पडत होतं, तेवढंच.

पण थांबा. या गोष्टीत तो शिष्यही आहे ना? म्हणून आमच्या घरी एक नियम आहे: "बघ, ती बाहेर बसून शिकली, तुला फी भरूनही येत नाही," हे वाक्य बंद. एकीला वेळ द्यायच्या नादात दुसऱ्याचा तबला सुटायला नको.

दुसरा नियम: दार ढकलून सरांना दाखवायला जायचं नाही. आतला तास दादाचा आहे. तिला खरंच शिकायचं असेल तर रीतसर तिचंही नाव घालू.

परवा बाकावर ती अचानक म्हणाली, "मामा, गप्प झाला!" मी फोनमध्ये होतो. माझीच खाली चुकली.

तुमच्या घरी बाकावर कोण बसतं? सांगा नक्की. भेटू पुढच्या भागात!