मोजणी चुकते कशी, साधते कशी?

एखाद्या संकेतस्थळाचे पान उघडले, की ‘हे पान इतक्या वेळा पाहिले गेले’ अशी नोंद कधी कधी त्याच्या तळाशी दिसते. पान उघडले जाईल तसा तो आकडा एकाने वाढतो. एक मिळवण्यात अवघड ते काय, असे आपल्याला वाटेल. परंतु एकाच क्षणी अनेकजण ते पान उघडतात, तेव्हा ही साधी बेरीजही चुकू शकते. ती का चुकते, हे आपण समजून घेऊ.

रोजची हळद-मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असते आणि वर्षाचा साठा फडताळातील बरण्यांत असतो. संगणकाचेही तसेच आहे. कायमची माहिती डिस्कवर राहते; वारंवार लागणारी माहिती वेगवान स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये ठेवतात. या तात्पुरत्या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली ‘लाइव्हजर्नल’ या अमेरिकेतील संकेतस्थळासाठी तयार केलेली ‘मेमकॅश्ड’ ही प्रणाली याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीला एक नाव असते व त्या नावाने ती नोंद शोधता येते.

आकडा वाढवण्याच्या तीन पायऱ्या असतात : जुना आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे आणि नवा आकडा लिहिणे. समजा, नोंद ४० आहे. दोन संगणकांनी ती एकाच वेळी वाचली. दोघांनीही एक मिळवून ४१ लिहिले. वास्तविक ४२ व्हायला हवे होते. एक गणना हरवली!

पानाच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक वाटेल. पण पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यास खाते बंद व्हावे, यासाठीही अशीच मोजणी ठेवता येते. तेथे आकडा मागे राहिला, तर चोराला पासवर्ड ओळखण्याची अधिक संधी मिळते.

यावर उपाय आहे. मेमकॅश्डमध्ये ‘वाढव’ अशी स्वतंत्र आज्ञा असते. संगणक आकडा मागवून घेत नाही. केवळ ‘एकाने वाढव’ असे सांगतो. वाचणे, मिळवणे व लिहिणे या तिन्ही क्रिया मेमकॅश्ड स्वतः अखंडपणे पार पाडते. तोवर त्या नोंदीविषयीची दुसरी आज्ञा थांबून राहते. म्हणून पहिल्याला उत्तर ४१ मिळते, दुसऱ्याला ४२. ‘कमी कर’ अशीही आज्ञा आहे. मात्र तिने आकडा शून्याखाली जात नाही. नोंदच अस्तित्वात नसेल, तर ‘वाढव’ ही आज्ञा निष्फळ ठरते. म्हणून आरंभीचा आकडा आधी ठेवावा लागतो.

तथापि कॅशे विसराळू असते. मेमकॅश्ड बंद पडून पुन्हा सुरू झाली, की त्यातील आकडे नाहीसे होतात. जागा भरली, तर बराच काळ न वापरलेल्या नोंदी काढून टाकल्या जातात. त्यामुळे पान किती वेळा पाहिले गेले, याची मोजणी तेथे ठेवण्यास हरकत नाही. पण बँकेतील शिल्लक केवळ तिच्या भरवशावर ठेवता येणार नाही. तिची नोंद कायमच्या साठ्यातच हवी.

सारांश, मोजणी अखंड असावी, म्हणजे ती अचूक राहते. आणि तिचे महत्त्व ओळखून जागा निवडावी, म्हणजे ती टिकते.