तेराव्या वर्षी मुलाला काय द्यावे?

धर्मापुरी हे माझे माहेर. गेल्या डिसेंबरात तिथे माझ्या भाच्याला तेरा वर्षे पूर्ण झाली. वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत आणि त्या वादात मला पडायचे नाही. आमच्या घरी केक येत नाही. खीर होते, दुआ होते आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवले जाते. या वेळी ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, यावरून पंधरा दिवस घर ढवळून निघाले.

खरे तर हिजरी हिशेबाने तो पावसाळ्यातच तेरा पूर्ण झाला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तेरा वर्षांत हा फरक जवळजवळ पाच महिन्यांवर जातो. पुष्कळ आईबापांच्या हे ध्यानातच येत नाही. बालिग होण्याची लक्षणे दिसली नाहीत, तर बहुतेक फिकहकार पंधरा हे वय धरतात. पण ती पंधरा वर्षे चंद्राची. इंग्रजी कॅलेंडरने ती साडेचौदालाच भरतात. त्यानंतर नमाज-रोजाचा हिशेब मुलाचा स्वतःचा. म्हणजे तेराव्या वाढदिवसाला आपल्या हाती जेमतेम दीड वर्ष उरलेले असते. लक्षणे आधीच दिसली, तर तेवढेही नाही.

भाच्याची मागणी एकच होती. मोबाइल, आणि तो स्वतःचा. त्याचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम या दोघांनीही खात्यासाठी किमान वय तेराच ठेवले आहे. वर्गातल्या पोरांना हे तोंडपाठ असते. त्याच महिन्यात, 10 डिसेंबर 2025 पासून, ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्रामसारखी खाती ठेवण्यास बंदी घातली, हे मी त्याला सांगितले. ‘‘फुप्पी, आपण कुठं ऑस्ट्रेलियात राहतो?’’ असे उत्तर मिळाले.

माझा भाऊ उसाच्या ट्रकवर असतो. दिवाळी झाली की तो कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर जातो, तो उन्हाळ्यापर्यंत. महिना-महिना घरी नसलेल्या बापाला मुलाचा शब्द मोडवत नाही. त्याने आठ हजार रुपये पाठवले आणि घेऊन टाका म्हणाला. भावजय नको म्हणत होती. एका मामूने सोन्याची अंगठी सुचवली. सोने आणि रेशीम आपल्या पुरुषांना वर्ज्य आहे, हे माहीत असूनही कौतुकाच्या भरात मुलांच्या बोटात सोने घातले जाते. दुसऱ्याने मोटारसायकलची चावी देण्याचा विषय काढला, निम्मी थट्टा, निम्मे खरे. खेड्यात तेराव्या वर्षी गाडी चालवणारी पोरे कमी नाहीत. पण 2019च्या कायदा-दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे ऐकून मामू गप्प बसले.

एवढी सगळी चर्चा मुलाच्या डोक्यावरून चालली होती. अखेर अम्मी म्हणाल्या, ‘‘त्याला मोबाइल कशाला पाहिजे, हे कोणी विचारलं का?’’

मला बुखारीतला एक प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पेल्यातले पेय घेतले. उजव्या हाताला एक लहान मुलगा होता आणि डावीकडे वडीलधारे. पेला उजवीकडून फिरायचा, म्हणून हक्क मुलाचा. तो आधी मोठ्यांना द्यावा का, असे प्रेषितांनी (स.) मुलालाच विचारले. आपल्याकडून मिळणारा वाटा मी कोणाला देणार नाही, असे मुलगा म्हणाला, तेव्हा पेला त्याच्याच हातात ठेवला गेला. कोणी त्याच्यावर डोळे वटारले नाहीत.

भाच्याला विचारले. बराच वेळ तो नखे कुरतडत बसला. मग म्हणाला, ‘‘अब्बांचा फोन येतो तेव्हा सगळे भोवती असतात. मला एकट्याला बोलायचं असतं.’’

यावर मोबाइल विकत घ्यायची गरज नव्हती. त्या दिवसापासून इशानंतर भावजयचा फोन त्याच्या हाती जातो आणि तो ओट्यावर एकटा बसून बापाशी बोलतो. काय बोलतो, ते कोणी विचारत नाही. भावजयला सुरुवातीला हे जड गेले. आईला मुलाचे सगळे ठाऊक असायला हवे, असे तिला वाटते. मलाही माझ्या मुलांबाबत तसेच वाटायचे.

आठ हजारांचा प्रश्न उरलाच. भाच्याला अकरा वर्षांची बहीण आहे. तिच्या वाढदिवसाला फ्रॉक झाला होता, सहाशेचा. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि आईच्या आग्रहावरून प्रेषितांना (स.) साक्षी ठेवायला गेले. तुझ्या सगळ्या मुलांना असेच दिलेस का, असा प्रश्न आला. नाही, असे उत्तर मिळताच प्रेषितांनी (स.) साक्षी व्हायला नकार दिला, आणि बशीर (रजि.) यांनी भेट परत घेतली. ही हदीस आपण वारसाहक्काच्या भांडणात ऐकतो, फ्रॉक आणि मोबाइलच्या वेळी नाही. दहा वर्षांवरचे मूल पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडू शकते आणि स्वतः चालवू शकते. दोघांची खाती उघडली, चार-चार हजारांची. स्लिपवर सही मुलांचीच.

वाढदिवसाच्या दिवशी हाती ठेवायला मात्र काही नव्हते. अम्मींनी पेटीतून अब्बांचे घड्याळ काढले. एचएमटी, चावीचे; तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेले. एचएमटीने 1961 साली बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि मॅट्रिक पास झालेल्या मुलाला हेच घड्याळ घेऊन देण्याचा रिवाज घरोघरी पडला. कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय 2016मध्ये बंद झाला. अब्बांचे घड्याळ ते गेल्यापासून बंद होते. अंबाजोगाईच्या कारागिराने ते उघडले. आतले तेल सुकले होते, बाकी काही बिघाड नव्हता. साफसफाई आणि नवा पट्टा धरून पाचशे रुपये लागले.

त्याला रोज चावी द्यावी लागते. विसरले की ते थांबते. पहिल्या आठवड्यात दोनदा थांबले, आणि एकदा त्याची फज्रही त्यामुळे हुकली. कोणी त्याला रागावले नाही. आता फज्रची नमाज झाली की तो आधी चावी देतो.

भाचीचा वाढदिवस जवळ आला आहे. मी तिला विचारले, तर म्हणते, ‘‘घड्याळ. पण चावीचंच पाहिजे, सेलचं नको.’’ अब्बांचे घड्याळ एकच होते. अंबाजोगाईच्या कारागिराला सांगून ठेवले आहे, कोणाचे जुने विकायला आले तर फोन कर म्हणून.