तुमचा वेळ येतो कुठून?

‘दिवस कधी संपतो कळतच नाही यार!’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं ना? आता त्यावरही ॲप आहे. एक नाही, ढीगभर! २०१८ मध्ये अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम आलं, तेव्हापासून आपण इन्स्टावर किती वेळ घालवतो ते न विचारताही कळायला लागलं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे २००६ मध्ये एस्टोनियात सुरू झालेल्या टॉगलसारखी ॲप्स. काम सुरू केलं की टायमर चालू, संपलं की बंद, आणि आठवड्याच्या शेवटी रंगीत चार्ट तयार. क्लायंटला तासावर बिल लावणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी तर वरदानच.

माझा दादा पुण्यातल्या कंपनीचं काम हिंगोलीतल्या घरातून करतो. त्याचा चार्ट फ्रेम करून लावावा असा! नऊ तास काम, एक तास व्यायाम, झोपायच्या आधी वाचन. जेवणाला मोजून वीस मिनिटं, म्हणजे ताटावर बसल्यापासून उठेपर्यंतची. कणीक कुणी मळली, भांडी कुणी घासली, यासाठी त्या चार्टमध्ये रंगच नाही.

म्हणून तेच ॲप मी आईच्या फोनमध्ये टाकलं. पहिल्याच सकाळी फज्जा! गॅसवर वरण, नळाला पाणी आलेलं, हातात लसूण आणि दारात दूधवाला. टायमर मात्र एका वेळी एकच चालणार. “कोणतं बटन दाबू माय? अन् हात कुठंय मोकळा?” आईचा सवाल बिनतोड होता.

यावर सरकारी खात्याकडे चांगला उपाय आहे, विश्वास बसणार नाही! राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अशा २४ तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून कोण काय करत होतं ते विचारलं जातं. एकाच वेळी चाललेली दोन कामंही नोंदली जातात. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये बायकांचा आकडा २८९ वर आला. बरं वाटलं ना? थांबा, पुरुषांचाही ८८ वर आला!

मग मीही वहीत अर्ध्या तासाच्या रेघा मारल्या आणि रोज रात्री आईला विचारत बसले. आठवडाभराच्या नोंदीत सगळ्यात मोठा सलग मोकळा वेळ निघाला चाळीस मिनिटांचा, तोही दुपारी. आईला दोन वर्षांपासून शिवणक्लासला जायचंय. क्लास चार ते साडेपाच. तिचं पालुपद ठरलेलं, “येळ मिळाला की जाईन.” दादाचा चार्ट वहीशेजारी ठेवला, तर त्याच दीड तासात त्याचं दार बंद, ‘डीप वर्क’ चालू. सव्वाचारचा चहा, पाचला पोहे किंवा चिवडा, दारावरची कुरिअरची बेल, सगळं आईच्या पानावर.

इथून जवळच, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाचा प्रकल्प होतोय. त्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना गुरुत्वीय लहर सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने जाणवली होती आणि त्या फरकावरून ती कुठल्या बाजूने आली याचा अंदाज बांधता आला. एकट्या यंत्राच्या नोंदीतून ते कळलं नसतं. दादाचा तो दीड तास कुठून येतो, हेही त्याच्या एकट्याच्या चार्टवरून कळणारं नव्हतं.

दोन्ही कागद मी काही न बोलता डायनिंग टेबलवर ठेवले. दादाने ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “पण माझे कॉल असतात गं त्या वेळेला.” असतातच, मंगळवारी आणि गुरुवारी. क्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार!

आईने पुढच्याच सोमवारी फी भरली. त्या तीन दिवसांचा चहा आता दादा करतो, बेल वाजली की उठतोही. ॲपमध्ये त्याने या वेळेसाठी ‘घर’ नावाचा नवा रंग घेतलाय. केशरी. सध्या बारीकशी फोड आहे, पण दिसते.